कोकणचे पाच दिवस, जूनची फी आणि सायकलीची निवड

प्रश्न: मी सोलापुरात विजापूर रोडला राहतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. माझा हातात येणारा पगार ४६,००० रुपये आणि पत्नीचा १८,००० रुपये आहे. घरकर्जाचा हप्ता १७,५००, घरखर्च २८,००० आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक) ५,००० रुपये जाते. अडीअडचणीसाठी दीड लाखाची मुदत ठेव आहे. मुलगी दहावीत असून जूनमध्ये अकरावीची आणि क्लासची मिळून १,१०,००० रुपये फी भरावी लागेल. त्यासाठी काढलेली ५०,००० रुपयांची आरडी (आवर्ती ठेव) मे महिन्यात पूर्ण होते. दिवाळीचा ६०,००० रुपये बोनस खात्यात आहे. जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघे मित्र रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने हरिहरेश्वरपर्यंत पाच दिवस सायकलने जाणार आहोत. सहलीचा खर्च माणशी १२,००० रुपये धरला आहे. मित्रांकडे रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या बारीक टायरच्या सायकली आहेत. दुकानदार रोड बाइकचे ५८,००० (रोखीने ५५,०००) आणि जाड टायरच्या, खडबडीत रस्त्यासाठीच्या माउंटन बाइकचे ४२,००० (रोखीने ४०,५००) रुपये सांगतो, शिवाय नऊ महिन्यांचे बिनव्याजी हप्तेही देतो. पुण्याहून सायकल भाड्याने आणल्यास दिवसाला ७०० रुपये पडतील. बोनस फीसाठी तसाच ठेवून रोड बाइक हप्त्याने घ्यावी, असे मनात आहे. आपले मत काय?

उत्तर: आपण घरचा सगळा हिशेब मोकळेपणाने मांडलात, त्यामुळे नेमके उत्तर देणे शक्य झाले. माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे. दुकानदाराने सांगितलेल्या दोन्ही सायकली आपण घेऊ नयेत. हप्त्याची योजना तर घेऊच नये. साधारण ३०,००० रुपयांपर्यंतची, पुढच्या बाजूलाच सस्पेन्शन (धक्के झेलणारी यंत्रणा) असलेली साधी माउंटन बाइक रोखीने घ्यावी, तिला रस्त्यावर चालणारे गुळगुळीत टायर बसवून घ्यावेत आणि त्यासाठी बोनसमधून उचललेली रक्कम मे अखेरपर्यंत महिन्याच्या महिन्याला परत भरावी.

प्रथम आपल्या हातातील पैसा पाहू. दोघांचे मिळून ६४,००० रुपये येतात आणि ठरलेला खर्च ५०,५०० रुपयांचा आहे, म्हणजे कागदावर दरमहा १३,५०० रुपये उरतात. परंतु लग्नकार्य, आजारपण, गाडीची दुरुस्ती, पाहुणेरावळे हे कोणत्याही घरात चुकत नाही, म्हणून भरवशाने बाजूला पडणारी रक्कम मी ९,००० रुपये धरतो. डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत ती ५४,००० रुपये होते. बोनस आणि आरडी मिळून १,१०,००० रुपये होतात आणि फीही नेमकी तेवढीच आहे. याचा अर्थ असा की, बोनस आपल्या खात्यात दिसत असला तरी तो खर्चासाठी मोकळा नाही, त्याच्यावर मुलीच्या फीचे नाव लिहिलेले आहे. दीड लाखाची ठेव ही आपल्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे आणि घरकर्ज चालू असताना तिला हात लावणे मला मुळीच पटणार नाही. तेव्हा सायकल, तिच्यासोबतचे सामान आणि सहल या तिन्हींसाठी मिळून आपल्याकडे ५४,००० रुपये आहेत, त्याहून अधिक नाहीत.

हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे, पंप, जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, कुलूप आणि सामान बांधण्याची सोय यांसाठी कोणत्याही सायकलीला सुमारे ८,००० रुपये लागतील. त्यात सहलीचे १२,००० मिळवले की २०,००० रुपये झाले. रोड बाइक रोखीने घेतली तर एकूण ७५,००० रुपये होतात आणि मे अखेरीस फीच्या रकमेत २१,००० रुपये कमी पडतात. दुकानदाराच्या माउंटन बाइकने एकूण ६०,५०० रुपये होऊन ६,५०० रुपये कमी पडतात. ३०,००० रुपयांच्या सायकलीने ५०,००० रुपये होतात आणि चार हजार रुपये हातात राहतात.

आता आपल्या मनातल्या योजनेकडे, म्हणजे हप्त्याकडे वळतो. येथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण बिनव्याजी या शब्दावर अनेक समंजस माणसेही विश्वास ठेवतात. शून्य टक्के व्याजाच्या नावाने चालणाऱ्या अशा योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना समज दिली होती. व्याज नाहीसे होत नसते, ते वस्तूच्या किमतीत किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. आपल्यापुरते बोलायचे तर रोखीने ५५,००० रुपयांना मिळणारी रोड बाइक हप्त्याने ५८,००० रुपयांना पडते, म्हणजे दरमहा ६,४४४ रुपये. शिवाय अशा व्यवहारांत साधारण पाचशे रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे आपण सुमारे साडेतीन हजार रुपये जास्त देता. ही रक्कम लहान वाटते, परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे लक्षात घेऊन दर काढला तर तो वर्षाला सोळा टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडले, तर व्याजाच्या भागावरचा जीएसटीही बहुधा ग्राहकाकडूनच वसूल होतो. एखादा हप्ता चुकलाच, तर कार्डाचे नेहमीचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असते.

त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. डिसेंबरला सुरू झालेले नऊ हप्ते ऑगस्टपर्यंत चालतील. दरमहा ९,००० रुपयांतून हप्ता वजा जाता आपल्याकडे २,५५६ रुपये राहतील. सहा महिन्यांत त्यांचे जेमतेम १५,३०० रुपये होतील आणि सामान व सहल यांचा खर्च २०,००० रुपयांचा आहे. म्हणजे बोनस जपण्यासाठी हप्ते घेतले तरी बोनसमधून सुमारे पावणेपाच हजार रुपये जाणारच आणि ज्या जूनमध्ये फी, पुस्तके, गणवेश, क्लासचे साहित्य एकदम अंगावर येईल, त्याच जूनमध्ये आणखी तीन हप्ते डोक्यावर असतील.

पैशाची बाजू येथे स्पष्ट होते. तरीही केवळ स्वस्त म्हणून माउंटन बाइक घ्या, असे मी सांगत नाही. कमी किमतीची चुकीची वस्तू ही सर्वांत महाग पडते, म्हणून या दोन प्रकारच्या सायकलींपैकी आपल्या रस्त्यांना आणि आपल्या पायांना कोणती मानवेल हेही तपासावे लागेल.

आपला मार्ग आरे-वारेच्या चढावरून गणपतीपुळे, जयगड असा जाईल. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागर, पुढे धोपावेहून दाभोळ, मग हर्णै-केळशीच्या बाजूने बाणकोट आणि खाडी ओलांडून बागमांडला. या किनाऱ्यावर सपाट रस्ता फार थोडा वेळ मिळतो. प्रत्येक खाडीशी आणि प्रत्येक गावाशी रस्ता समुद्राच्या पातळीपर्यंत खाली उतरतो आणि लगेच उभ्या चढाने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर जातो. चढ लांब नसतात, पण तीव्र असतात, आणि दिवसातून अनेक वेळा येतात. काही ठिकाणी डांबर उत्तम असते, तर दुरुस्ती निघालेल्या ठिकाणी खडी आणि तांबडी माती असते. आपण सोलापूरचे, सपाट माळावर सायकल चालवण्याची सवय असलेले. आपल्याकडे चढाचा सराव करायचा म्हटले तर तुळजापूरचा घाट गाठावा लागतो. त्यामुळे चढावर सायकल कशी वागते, हा प्रश्न आपल्यासाठी वेगापेक्षा महत्त्वाचा आहे.

दुकानात गेल्यावर सायकलीच्या रंगाकडे पाहण्याआधी गिअरच्या चकत्यांचे दाते मोजावेत. सर्वसाधारण रोड बाइकला पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी २८ दात्यांची असते. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे अडीच मीटर पुढे जाते. तीन चकत्यांच्या साध्या माउंटन बाइकला पुढे २२ आणि मागे ३२ किंवा ३४ दाते असतात आणि एका फेऱ्यात ती साधारण दीड मीटर जाते. अंतर कमी जाते, याचाच अर्थ पायावर जोर कमी पडतो. पाठीमागे सात-आठ किलो सामान बांधून उभा चढ चढताना हा एक मीटरचा फरक म्हणजे सायकलवर बसून चढणे आणि उतरून ढकलणे यांतील फरक आहे. रोड बाइक वजनाने तीन-चार किलोंनी हलकी असते हे खरे, परंतु त्या प्रकारातील अनेक सायकलींना कॅरिअर बसवण्याची सोयच नसते आणि मग सायकलीच्या सांगाड्यालाच बांधायच्या महागड्या फ्रेम-बॅगा घ्याव्या लागतात.

आपले मित्र रोड बाइकवर असतील आणि आपण मागे पडाल, ही आपल्या पत्रातून जाणवणारी काळजी मला समजते. तिच्यावरचा उपाय टायरमध्ये आहे. माउंटन बाइक डांबरावर जड चालते, त्याला मोठ्या गुठळ्यांचे, सव्वादोन इंच रुंदीचे टायर बरेचसे कारणीभूत असतात. त्यांच्या जागी दीड ते पावणेदोन इंचांचे गुळगुळीत टायर घातले, हवा पुरेशी भरली आणि सस्पेन्शन लॉक करण्याची सोय वापरली, तर हा जडपणा पुष्कळ कमी होतो. या टायरांचे सुमारे अडीच हजार रुपये मी वरच्या आठ हजारांतच धरले आहेत. मोठ्या सपाट पट्ट्यावर मित्र तरीही पुढे जातील, पण खाडीवर सर्वांनाच बोटीची वाट पाहावी लागते, आणि तेथे आपण त्यांना गाठालच.

सहलीनंतरचा विचार माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सहल पाच दिवसांची आहे आणि सायकल पुढची काही वर्षे घरात राहणार आहे. तिच्यावरून आपण कारखान्यात जाणार असाल, तर जाऊन-येऊन तेरा किलोमीटर धरले तर स्कूटरच्या पेट्रोलचे दिवसाला साधारण तीस रुपये वाचतील. सोलापूरचा उन्हाळा आणि पावसाचे दिवस वगळून वर्षातले आठ महिने, महिन्याला वीस दिवस धरले तरी वर्षाला ४,८०० रुपये होतात. तीन वर्षांत निम्म्या सायकलीचे पैसे यातून निघतील. एमआयडीसीतील खड्डे, ट्रकची वर्दळ आणि रस्त्याच्या कडेला पडलेले बाभळीचे काटे यांना २५ किंवा २८ मिलिमीटरचा रोड बाइकचा टायर फार काळ पुरत नाही. चौपदरी तुळजापूर रस्त्यावर रविवारी पहाटे रोड बाइकइतका आनंद दुसरी सायकल देणार नाही हे मी मान्य करतो, परंतु आठवड्याचे उरलेले सहा दिवसही हिशेबात घ्यावे लागतात.

आणि कारखान्याला सायकलने जाणे होणार नाही असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर काहीच विकत घेऊ नका. पाच दिवसांचे भाडे ३,५०० रुपये होते. तेवढ्यात हौस पुरी होत असेल तर घरात तीस हजारांची सायकल धूळ खात ठेवण्याचे कारण नाही. हे ठरवण्यासाठी डिसेंबरचा महिना हाताशी आहे. मित्राची किंवा शेजाऱ्याची कोणतीही साधी सायकल आठवडाभर मागून घ्या आणि रोज कारखान्याला तिच्यावरून जा. त्या आठवड्यात किती वेळा स्कूटरची किल्ली हातात घ्यावीशी वाटली, ते प्रामाणिकपणे पाहा. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरात सायकल चालवणे अवघड होते, म्हणून हा प्रयोग संक्रांतीच्या बराच आधी उरकावा.

घेण्याचे ठरले तर किमतीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानात जुन्या छापील किमतीचा माल असेल आणि ४२,००० रुपये ही किंमत जुन्या कराची असेल, तर नव्या दराने ती ३९,३७५ रुपये व्हायला हवी. हा २,६२५ रुपयांचा फरक दुकानदाराकडे जरूर मागा आणि ३०,००० रुपयांच्या सायकलीलाही हाच हिशेब लावा. रोखीची सवलत ही या फरकाच्या वर मागावी, त्याच्या बदल्यात नव्हे.

बोनसमधून उचललेल्या रकमेसाठी डिसेंबरपासूनच दरमहा ९,००० रुपयांची आरडी सुरू करा आणि ती पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. एसआयपी मात्र बंद करू नका. बँक खात्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जोडलेली नसेल तर सहलीआधी जोडून घ्या. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, आणि घाटरस्त्यावर सायकल चालवणाऱ्या घरच्या कर्त्या माणसासाठी ते तरी असायलाच हवे.

जूनची फी भरून झाल्यावरही रोड बाइकची ओढ कायम असेल, तर तेव्हा चांगल्या स्थितीतली वापरलेली रोड बाइक शोधा. त्यासाठी मोकळा पैसा तोपर्यंत पुन्हा साठू लागलेला असेल. तूर्त सायकल घेताना पक्के बिल घ्या, त्यावर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्या आणि पहिली सर्व्हिसिंग सहलीला निघण्याच्या आधी करून मिळेल असे दुकानदाराकडून वदवून घ्या, कारण नव्या सायकलीच्या गिअरच्या आणि ब्रेकच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात आणि त्या आरे-वारेच्या उतारावर नव्हे, सोलापुरातच घट्ट झालेल्या बऱ्या.