पाडा सहीपुरता नको

सप्रेम नमस्कार.

जव्हार तालुक्यातल्या पाड्यावर तुझी नेमणूक झाल्याचे वाचून फार समाधान वाटले. मुले चुणचुणीत आहेत, पण पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, ते त्यांना कसे पटवावे, असे तू विचारले आहेस. या प्रश्नातले गृहीतकच आधी तपासून पाहा. भातकापणी उरकली की वारली किंवा कातकरी कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जाते, ते अज्ञानामुळे नव्हे. पावसाळ्यात पोट भरण्यासाठी घेतलेली उचल फेडायची असते आणि पुढच्या पावसापर्यंत गावात हाताला काम नसते. हे ज्यांना रोज भोगावे लागते त्यांना आपण काय पटवणार? त्यांच्याकडून समजून घ्यावे आणि शाळेची घडी त्यानुसार बसवावी, एवढेच आपल्याला करता येण्यासारखे आहे.

तुझ्याच जिल्ह्यात याचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून या दोघींनी पालकांना बोल लावला नाही. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरवली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेची आठवण आपण कौतुकाने काढतो, पण तिच्या मुळाशी असलेला निर्णय विसरतो: मुलाचे काम आणि घरची गरज आधी पाहायची, वेळ आणि जागा त्यानंतर ठरवायची.

आज तुझ्या हाती कायद्याचे बळही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी इतिवृत्त शाळेत लिहिले जाते आणि वही सहीसाठी घरोघर फिरते. तुझ्या शाळेत असे होऊ देऊ नकोस. सभा शाळेच्या वेळात ठेवली तर मजुरीवर जाणारे पालक येणारच नाहीत. म्हणून ती संध्याकाळी, पाड्यातच घ्यावी. आणि पाडा म्हणजे एकजीव समाज, असेही समजू नकोस. बहुतेक ठिकाणी कातकऱ्यांची घरे वस्तीच्या कडेला असतात, त्यांच्याकडे जमीन नसते आणि त्यांना सभेचा निरोपही पोहोचत नाही. निरोप द्यायला त्यांच्या दारी तू स्वतः जा.

अशा एका सभेत पाहिलेली गोष्ट सांगतो. लावणीच्या दिवसांत तिसरी-चौथीच्या मुली गैरहजर राहतात, म्हणून शिक्षक कळवळून बोलत होते. बायका कुडाला टेकून गप्प ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांतली एक म्हणाली, की पोर शाळेत आली तर तिच्या कडेवरच्या भावाला कोण बघणार? मग चर्चेचा रोखच बदलला. ज्यांना आता शेतातले वाकणे झेपत नाही अशा दोन आज्यांनी लावणी होईपर्यंत शाळेच्या पडवीत तान्ह्यांना घेऊन बसायचे, असे पाड्यानेच ठरवले, आणि त्या मुली वर्गात येऊ लागल्या. शासनाच्या कोणत्याही परिपत्रकात हा उपाय सापडला नसता.

वर्गाच्या आतही पाड्याची मदत लागेल. पहिलीत बसलेले मूल घरी वारली किंवा कातकरी बोलते. पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला नवी असते. शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावे, असे कायदाच सांगतो. ओढ्यात खेकडे कसे धरले हे मूल स्वतःच्या बोलीत भरभरून सांगते, ते तसेच फळ्यावर लिहून त्यावरून वाचन सुरू कर, आणि प्रमाण मराठीकडे टप्प्याटप्प्याने ने. तू ती बोली शिकेपर्यंत पाड्यातल्या शिकलेल्या एखाद्या ताईला वर्गात बसायची विनंती कर. तिच्या मानधनाचा प्रश्न येईल. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध (ठरावीक योजनेला न बांधलेला) निधी थेट मिळतो, त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते आणि त्यात शिक्षणालाही वाव आहे. तू अर्ज देण्यापेक्षा समितीतल्या आईबापांनी हा विषय ग्रामसभेत मांडलेला अधिक चांगला.

पाहुणे आले की मुलांना तारपा नाचायला उभे करायचे आणि एरवी त्यांच्या घरच्या ज्ञानाला वर्गात थारा द्यायचा नाही, ही पद्धत मला मनापासून खटकते. नागली-वरईचे बियाणे कसे राखतात, पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी कुठे उगवते, हे सांगायला जाणत्या माणसांना परिसर अभ्यासाच्या तासाला बोलाव. त्यांच्यासाठी खुर्ची ठेव आणि तू मुलांबरोबर खाली बस. भट्टीवरून परतलेल्या मुलाला हजार विटांचा दर आणि आठवड्याचा खर्ची-हिशेब तोंडपाठ असतो. त्याला गणितात कच्चा ठरवण्याआधी तो हिशेब त्याच्याकडून मांडून घे.

आता तातडीचे. स्थलांतराची तयारी दिवाळीनंतर सुरू करून उपयोग नाही. कापणीला हात लागण्याआधीच समितीची सभा लाव. कोणते कुटुंब कुठे जाणार, कोणाचे आजी-आजोबा मागे राहणार आणि ते नातवंडांना सांभाळू शकतील का, याची यादी पालकांच्या तोंडून करून घे. जी मुले मागे राहतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे वेळेत जायला हवा. जी जाणारच आहेत त्यांचे शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवायचे पत्रक) भरून आईच्या हाती दे, त्यावर मूल कुठवर वाचते आणि कोणती गणिते करते हे नीट लिही, आणि भट्टीजवळच्या शाळेतल्या शिक्षकांशी तू स्वतः फोनवर बोलून ठेव. यादी झाली की मला कळव; त्या भागातल्या काही मुख्याध्यापकांशी माझा परिचय आहे, त्यांना मी आजच पत्र लिहितो.

तुझा,
एक जुना शिक्षक