विशेषणाची सोबत : सोफियातील एका विद्यार्थिनीस पत्र

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निबंध आणि त्यासोबत पाठवलेली विशेषणांची वही, दोन्ही मिळाले. वहीत डाव्या बाजूला अवघड इंग्रजी विशेषणे आणि उजव्या बाजूला त्यांचा बल्गेरियन अर्थ असे पानामागून पान तू सुवाच्य अक्षरात भरले आहेस. त्यामागचे कष्ट मला दिसतात, आणि म्हणूनच ही वही आता बाजूला ठेव असे सांगताना मला जड जाते आहे. तरीही ते सांगायला हवे. त्याची कारणे तुला पटावीत, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी चालेल असे ठरवून लिहायला बसले आहे.

घरात तू मराठी बोलतेस, पण पहिलीपासूनचे तुझे शिक्षण बल्गेरियन शाळेत झाले, आणि विचार करताना तुझ्या मनात आधी बल्गेरियन शब्द उमटतो. त्या भाषेत विशेषण नामाच्या मागे-मागे वळते : ‘दोबर’, ‘दोब्रा’, ‘दोब्रो’, ‘दोब्रि’. एवढेच काय, ‘ते चांगले पुस्तक’ म्हणायचे असेल तर निश्चितता दाखवणारा प्रत्ययही विशेषणालाच चिकटतो आणि ‘दोब्राता क्निगा’ असे रूप होते. मराठीतही चांगला, चांगली, चांगले आहेच, आणि विभक्ती लागली की ‘चांगल्या’ होते. इंग्रजीत मात्र ‘गुड’ हे सगळीकडे ‘गुड’च राहते. त्यामुळे बल्गेरियन विद्यार्थ्याला सुरुवातीला वाटते की इंग्रजी विशेषण ही फार सोपी गोष्ट आहे. रूप बदलायचे नसल्याने सगळा भार निवडीवर येऊन पडतो, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत तो वरच्या पातळीवर पोहोचलेला असतो आणि चुकीच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. तुझे व्याकरण पक्के आहे. निबंधात जिथे-जिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे, तिथे बहुतेक ठिकाणी विशेषणाची निवड चुकली आहे.

एकच शब्द घेऊ या : ‘स्लाब’. तुमच्या शाळेत सहा गुण म्हणजे ‘ओत्लिचेन’, उत्कृष्ट, आणि दोन म्हणजे ‘स्लाब’, म्हणजे नापास. त्यामुळे हा शब्द तुझ्या कानांवर लहानपणापासून आहे. पण तो कुठे-कुठे जातो ते पाहा. अशक्त माणूस स्लाब, आणि सडपातळ माणूसही स्लाब. सोफियात आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या बाई मला जिन्यात भेटल्या आणि ‘ओत्स्लाब्नाला सि’ म्हणाल्या, तेव्हा मी आजारी दिसते आहे अशी त्यांना काळजी वाटते, असे मी समजले. त्या खरे तर ‘बारीक झालीस’ असे म्हणून माझे कौतुक करत होत्या. इंग्रजीत हे एका शब्दाने होत नाही. कौतुकाने बोलायचे तर ‘स्लिम’ किंवा ‘स्लेंडर’, नुसते वर्णन करायचे तर ‘थिन’, हाडे दिसतात असे नापसंतीने म्हणायचे तर ‘स्किनी’, धावपटूच्या काटक शरीराला ‘लीन’, भुकेने किंवा दुखण्याने ओढलेल्या चेहऱ्याला ‘गॉन्ट’, आणि वयाने नाजूक झालेल्या माणसाला ‘फ्रेल’. तुझ्या वहीत या सातही शब्दांसमोर ‘स्लाब’ हा एकच अर्थ लिहिलेला आहे. परीक्षेत वाक्य समोर आले की त्यांतला कोणता उचलायचा, हे ती वही तुला कसे सांगणार?

माणसांपुरतेच हे नाही. ‘स्लाब चाय’ इंग्रजीत ‘वीक’ असतो, स्लाब पाऊस ‘लाइट’, स्लाब प्रकाश ‘डिम’, स्लाब आशा ‘फेन्ट’, स्लाब स्मरणशक्ती ‘पुअर’. पाककृतीत ‘ना स्लाब ओगन’ असे लिहिलेले असते (हा ‘ओगन’ म्हणजे आपल्या ‘अग्नी’चाच नातलग), तिथे इंग्रजी स्वयंपाकघरात ‘लो हीट’ म्हणतात. ‘वीक फायर’ असे लिहिलेस तर वाचणाऱ्याला अर्थ लागेल, पण लिहिणारी परकी आहे हेही त्याच क्षणी कळेल. आता मराठीकडे बघ. आच मंद, प्रकाश अंधुक, पाऊस रिमझिम, चहा पांचट, माणूस अशक्त किंवा सडपातळ. आजीच्या तोंडून हे शब्द तू ऐकलेस, आणि त्यांतला एकही तू यादीतून पाठ केलेला नाहीस. ‘मंद’ हा शब्द तुझ्याकडे आला तो आचेला, वाऱ्याला, समईच्या ज्योतीला धरून आला. इंग्रजी विशेषणही असेच, त्याच्या नामाचा हात धरूनच आत येऊ दे. मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे, बाकीचे सगळे त्याच्या अनुषंगाने येते.

उलट बाजूचे एक उदाहरण देते, कारण ते मला फार आवडते. ‘झाक्लेत’ म्हणजे शपथ घेतलेला. बल्गेरियनमध्ये शत्रू झाक्लेत असतो, लग्न न करणारा पुरुष झाक्लेत असतो आणि सिगारेट न सुटणारा माणूसही झाक्लेत असतो. इंग्रजीत शत्रू तेवढा ‘स्वॉर्न’ राहतो, ब्रह्मचारी ‘कन्फर्म्ड’ होतो आणि धूम्रपान करणारा ‘हेवी’ होतो. यामागे तर्क शोधत बसू नकोस. मराठीत वैरी हाडाचा असतो आणि पोहणारा पट्टीचा असतो, त्याला तरी कोणता तर्क आहे?

म्हणून नवी वही उघड आणि डाव्या बाजूला नाम लिही : ‘होप’. उजवीकडे वाचनात प्रत्यक्ष भेटलेली विशेषणेच उतरव : ‘फेन्ट’, ‘फॉर्लॉर्न’, ‘रिन्यूड’. ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्यही पूर्ण उतरवून घे. आठवड्याला दहा नामे झाली तरी पुरे. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजीच वापर. विशेषणे नामांसोबत देणारे खास कोश मिळतात, त्यांतला एक टेबलावर कायम असू दे. बल्गेरियन अर्थ लिहिण्याचा मोह होईल, तो आवर.

आता तुझ्या निबंधातील तीन शब्दांविषयी. स्वतःविषयी तू ‘पर्स्पेक्टिव्ह स्टुडंट’ असे लिहिले आहेस, शिक्षिकेला ‘करेक्ट’ म्हटले आहेस आणि मैत्रिणीला ‘सिम्पथेटिक’. तिन्ही ठिकाणी तुझ्या मनात बल्गेरियन शब्द होता. ‘पेर्स्पेक्तिवेन’ म्हणजे होतकरू, त्याला इंग्रजीत ‘प्रॉमिसिंग’ म्हणतात, आणि ‘पर्स्पेक्टिव्ह’ हे तर आजच्या इंग्रजीत नाम आहे. ‘कोरेक्तेन’ माणूस म्हणजे व्यवहाराला चोख, शब्द पाळणारा, अर्थात ‘फेअर’ किंवा ‘रिलायबल’. ‘सिम्पातिचेन’ म्हणजे पाहताच आवडणारा, ‘लाइकेबल’, तर इंग्रजी ‘सिम्पथेटिक’ म्हणजे दुसऱ्याचे दुःख समजून घेणारा. अशी सोंगे घेतलेली विशेषणे बल्गेरियनमध्ये पुष्कळ आहेत, कारण लॅटिन आणि ग्रीक मुळांचे शब्द तिथे फ्रेंच, जर्मन, रशियन अशा निरनिराळ्या वाटांनी आले आणि इंग्रजीत त्यांचा अर्थ वेगळ्याच दिशेने सरकत गेला. ‘अक्तुआलेन’ म्हणजे सध्याचा, ‘अ‍ॅक्च्युअल’ नाही. ‘एफेक्तेन’ म्हणजे नजरेत भरणारा, ‘इफेक्टिव्ह’ नाही. सर्वांत जपून राहावे असे विशेषण म्हणजे ‘पातेतिचेन’. तिकडे भावनेने ओथंबलेल्या भाषणाला ते लावतात, आणि इंग्रजीत ‘पथेटिक’ म्हटले तर वक्त्याचा अपमान होतो. मात्र बल्गेरियन नेहमीच फसवते असेही समजू नकोस. ‘इकोनोमिचेस्की’ (आर्थिक) धोरण आणि ‘इकोनोमिचेन’ (कमी खर्चाची) गाडी हा भेद तुझ्या जिभेवर आधीच आहे. इंग्रजीत ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांत विद्यार्थी गोंधळतात तो नेमका हाच भेद, आणि तो तुला आयता मिळालेला आहे.

‘आय वॉज व्हेरी बोअरिंग’ हे वाक्य तू घाईत लिहिलेस असे मला वाटत नाही. ‘स्कुच्नो मि ए’ म्हणजे शब्दशः ‘मला कंटाळवाणे आहे’. आपणही ‘मला कंटाळा आला’ असेच म्हणतो. दोन्ही भाषांत अनुभव माणसाकडे येतो, ‘मि’ काय किंवा ‘मला’ काय. इंग्रजीत माणूस कर्ता होऊन पुढे उभा राहतो, आणि मग कंटाळा देणारा ‘बोअरिंग’ व कंटाळा भोगणारा ‘बोअर्ड’ अशी दोन रूपे लागतात. ‘इंटरेस्टिंग’, ‘कन्फ्यूझिंग’, ‘एक्झॉस्टिंग’ या सगळ्यांना हेच लागू आहे. लिहिताना वाक्य आधी मनात मराठीत ‘मला’ने सुरू होते का ते तपासून पाहा. तसे होत असेल तर इंग्रजीत बहुधा ‘-एड’चे रूप हवे असते.

विशेषणामागे येणारी शब्दयोगी अव्यये पाठच करावी लागतात. बल्गेरियनमध्ये माणूस कोणा‘साठी’ विवाहित असतो, कशा‘पासून’ समाधानी आणि कोणा‘सह’ अभिमानी असतो. इंग्रजीत ‘मॅरिड टू’, ‘सॅटिस्फाइड विथ’, ‘प्राउड ऑफ’. याहून अधिक यावर लिहिण्यासारखे नाही.

सूर्याविषयी मात्र लिहायला हवे. ‘स्लन्त्से’ म्हणजे सूर्य, आणि ‘स्लन्चेव’ हे त्याचे विशेषण. काळ्या समुद्रावरच्या ‘स्लन्चेव ब्र्याग’ला तू दर उन्हाळ्यात जातेस, ते ‘सनी बीच’. पण ग्रहमालाही स्लन्चेवच असते, आणि इंग्रजीत ती ‘सनी’ नसून ‘सोलर’ असते. तसेच ‘टूथ’चे विशेषण ‘डेंटल’, ‘मून’चे ‘लूनर’. नाम एका मुळाचे आणि विशेषण दुसऱ्या मुळाचे, हे बल्गेरियन कानाला विचित्र वाटते, कारण तिथे ‘झब’ या दातापासून सरळ ‘झबेन’ होते. यामागे इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या दरबारात व न्यायालयात फ्रेंच चालली. विद्येची भाषा लॅटिन होतीच. घरगुती नामे जुन्या इंग्रजीची राहिली आणि त्यांच्यावर शास्त्राची, कारभाराची विशेषणे वरून येऊन बसली. म्हणून राजाला ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ अशी तीन विशेषणे आहेत. तुला हे समजणे अवघड जाऊ नये. आपण दात म्हणतो पण वैद्यक ‘दंत’ म्हणते, डोळा म्हणतो पण रुग्णालय ‘नेत्र’ म्हणते. संस्कृतचा थर मराठीत जे काम करतो, तेच काम इंग्रजीत लॅटिनचा थर करतो, आणि कोणता थर कुठे शोभतो याची जाण तुला घरातूनच मिळाली आहे. तसेच नकाराचे. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकिमतीचे, असे तू वहीत लिहिले आहेस. ते चूक आहे. ज्याची किंमत करता येत नाही इतके मोलाचे, म्हणजे आपले ‘अमूल्य’ आणि बल्गेरियनमधले ‘बेझ्त्सेनेन’. तिन्ही भाषा इथे एकाच रीतीने विचार करतात.

बल्गेरियातल्या रिलाच्या मठाविषयीचा परिच्छेद मी पुन्हा लिहायला सांगते आहे. एका वाक्यात ‘मॅग्निफिसंट’, ‘ब्रेथटेकिंग’ आणि ‘ऑ-इन्स्पायरिंग’ अशी तीन विशेषणे आहेत आणि त्यांतले एकही मठाविषयी काही सांगत नाही. ती कोणत्याही डोंगराला, कोणत्याही किल्ल्याला तशीच लावता येतील. तू तिथे उभी राहिली आहेस. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी आहेत, त्यांना ‘स्ट्राइप्ड’ म्हण. अंगण दगडगोट्यांचे आहे, ते ‘कॉबल्ड’. चर्चच्या ओवरीवर भित्तिचित्रे आहेत, ती ‘फ्रेस्कोड’. आणि जुन्या स्वयंपाकघराचे ते मजल्यामागून मजले भेदून वर गेलेले धुराडे आठव. त्याच्या आतल्या भिंतींना ‘सूट-ब्लॅकन्ड’ हा जोडशब्द किती नेमका बसतो! वरच्या पातळीचे इंग्रजी म्हणजे लांबलचक लॅटिन विशेषणे, असा तुझा समज झालेला दिसतो. चांगले इंग्रजी लेखक अशा साध्या जोडविशेषणांवर फार विसंबतात, आणि ती बनवण्याची मोकळीक त्यांची भाषा तुलाही देते.

निबंधातील बाकीच्या खुणा तुला पाहिल्याबरोबर समजतील. फक्त शेवटच्या पानावर, आजोबांच्या अखेरच्या वर्षाविषयी तू ‘ही वॉज व्हेरी वीक’ असे लिहिले आहेस, तिथे मी काहीही दुरुस्ती केलेली नाही, नुसती रेघ मारून जागा मोकळी सोडली आहे. तुझ्या मनात तिथे ‘स्लाब’ हाच शब्द असणार. त्यांचे हात बारीक झाले होते, चेहरा ओढला होता की जिना चढताना त्यांना तुझा खांदा लागत होता, हे मी पाहिलेले नाही, तू पाहिले आहेस. ‘थिन’, ‘गॉन्ट’, ‘फीबल’, ‘फ्रेल’ हे चारही शब्द कोशात उघडून, त्यांची उदाहरणे वाचून, त्यांतला जो तुझ्या आजोबांचा असेल तो त्या जागी लिही, आणि ते एक पान मला पुढच्या रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी