इन्सुलिन रेझिस्टन्स असेल तर पुढे डिमेन्शिया होतोच का?

होतोच असं नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून रक्तात ते जास्त सोडलं जातं. धोका वाढतो हे खरं, पण त्याबद्दल सध्या जे फिरतंय त्यातलं निम्मं पक्कं आहे आणि निम्मं फुगवलेलं.

तुम्ही लिहिलंय की वय ४६, उपाशीपोटी साखर १०४, इन्सुलिन १६, होमा-आयआर ४.१, एचबीएवनसी (म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.९. आईला जुना मधुमेह आणि आता अल्झायमर. आणि कुणीतरी सांगितलं की अल्झायमर म्हणजे ‘टाइप ३ डायबेटिस’च, दोघींनी साखर बंद करा, प्रश्न मिटला. मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये इन्सुलिनच्या टेस्ट लावण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून आधी रिपोर्टाबद्दल बोलते.

होमा-आयआर म्हणजे साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५, एवढंच. त्यातला इन्सुलिनचा आकडा भलता लहरी. दोन लॅबची किट वेगळी असली की आकडेही वेगळे येतात. रक्त काढताना सुई नीट लागली नाही, तांबड्या पेशी फुटल्या, सिरम गुलाबीसर झालं, तर इन्सुलिन खोटंच कमी येतं. त्या पेशींमध्ये इन्सुलिन तोडणारं एक एन्झाइम असतं. ते बाहेर पडतं आणि नमुना मशीनवर लागेपर्यंत इन्सुलिनचा फडशा पाडत राहतं. असे नमुने आम्ही पुन्हा मागवायचो आणि पेशंटची बोलणी खायचो. तेव्हा एकट्या ४.१ वरून पुढच्या तीस वर्षांचं भविष्य काढू नका. मात्र १०४ आणि ५.९ हे दोन्ही आकडे प्री-डायबेटिसमध्ये, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीत, बसतात, त्यामुळे रेझिस्टन्स आहे असंच धरून चला.

एन्झाइमचं एवढं सांगितलं, कारण मेंदूचा संबंध तिथेच येतो. तेच एन्झाइम मेंदूत अमायलॉइड बीटाही तोडतं, म्हणजे अल्झायमरमध्ये ज्याचे थर साचतात ते. पण त्याची ओढ इन्सुलिनकडे जास्त. रक्तात सतत जादा इन्सुलिन असेल तर अमायलॉइडचा नंबर मागे पडत असावा, असा एक तर्क आहे. दुसरी वाट टाउ प्रथिनाची. इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचला की जीएसके-३ नावाचं एन्झाइम आवरतं घेतं. निरोप पोचलाच नाही तर ते टाउवर फॉस्फेट चढवत बसतं आणि टाउचे गुंते व्हायला लागतात. ‘इन्सुलिन चालत नाही म्हणून मेंदू उपाशी मरतो’ असं जे सांगतात ते मात्र फार ढोबळ आहे. मेंदूच्या बहुतेक पेशी इन्सुलिनवाचून साखर आत घेतात.

२०१२ मध्ये मरणोत्तर मेंदूच्या तुकड्यांवर इन्सुलिन घालून पाहिलं गेलं. ज्यांना मधुमेह कधीच नव्हता अशा अल्झायमर रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसनेही (मेंदूतला आठवणींचा भाग) त्याला नीट दाद दिली नाही. ‘टाइप ३’ हे नाव मात्र त्याआधीचं, २००५ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या सुझॅन डी ला माँट यांच्या गटाने पुढे आणलेलं. अधिकृत निदान म्हणून ते कुठेही चालत नाही.

आणि खरंच हा मेंदूचा मधुमेह असता तर मधुमेहाची औषधं थोडी तरी लागू पडायला हवी होती. नाकातून इन्सुलिन देण्याच्या छोट्या प्रयोगांनी आशा लावली होती. २०२० मध्ये २८९ जणांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: वर्षभर देऊनही फरक नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडच्या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. सुरुवातीच्या टप्प्यातला अल्झायमरही त्या गोळीने मंदावला नाही.

म्हणजे संबंध खोटा का? नाही. १९९९ च्या रॉटरडॅम अभ्यासात मधुमेहींमध्ये डिमेन्शियाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. माझ्या मते यातला मोठा वाटा रक्तवाहिन्यांचा आहे. शवविच्छेदनात मधुमेहींच्या मेंदूत बारीक बारीक इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेले ठिपके, जास्त सापडतात, अमायलॉइड जास्त असतंच असं नाही. दुसरी गोष्ट, मधुमेहात वर्षं किती गेली ती. ब्रिटनच्या व्हाइटहॉल अभ्यासात मधुमेह जितक्या कमी वयात सुरू झाला तितका पुढचा धोका मोठा दिसला. सत्तरीत नुकताच मधुमेह झालेल्यांमध्ये तो फारसा वाढलेला नव्हता. तुमच्याच आकड्यांच्या आसपासचं सांगायचं तर २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात, मधुमेह नसलेल्यांची सरासरी साखर १०० ऐवजी ११५ असेल तर धोका १८ टक्क्यांनी जास्त निघाला. १८ टक्के म्हणजे काळजी घ्यावी इतकं, झोप उडावी इतकं नाही.

तुमच्या हातात ४६ व्या वर्षी भरपूर आहे. अमेरिकेतल्या २००२ च्या प्रसिद्ध चाचणीत सुमारे ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्यावर प्री-डायबेटिसवाल्यांचा मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. पण साखरेच्याच मागे लागू नका. डिमेन्शिया कसा टाळता येईल यावरच्या लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात एकूण डिमेन्शियात मधुमेहाचा वाटा साधारण २ टक्के धरलाय. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि कमी ऐकू येणं यांचा प्रत्येकी ७. बीपी मोजता का? लिपिड प्रोफाइल शेवटचं कधी केलं? तुमच्या प्रश्नात याचा उल्लेखच नाही.

आईच्या बाबतीत मात्र ‘साखर बंद’ अजिबात परस्पर करू नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना खाणं तोडलं, किंवा गोळी घेऊन त्या जेवायलाच विसरल्या, तर साखर एकदम उतरते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर फारच जपा. साखर वारंवार धोकादायक खाली जाणाऱ्या वृद्ध मधुमेहींमध्ये डिमेन्शिया जास्त आढळलाय. म्हणूनच अशा रुग्णांसाठी एचबीएवनसी ८ च्या आत असलं तरी चालतं, असं अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. घाम, थरथर, अचानक वाढलेला गोंधळ दिसला की ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका, आधी ग्लुकोमीटर लावा. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनेही विसराळूपणा वाढतो.