आधी तिला विचार

चि. पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मावशीचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे आणि तुला कोल्हापूरहून पंढरपूरला चालत जाऊन स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांसाठी निधी गोळा करायचाय. बूट कुठले घेऊ, पावतीपुस्तक छापू की ऑनलाइन पैसे घेऊ, टी-शर्ट गुलाबी बरा की पांढरा, सगळं विचारलंस. मैत्रीण म्हणाली, "चालून कॅन्सर बरा होतो व्हय? सरळ पैसे दे की," आणि त्यावरून तुझी झोप उडालीय. एवढ्या मोठ्या पत्रात मावशी काय म्हणते याची एक ओळ नाही. तिला विचारलंस का?

मैत्रिणीचं आधी उरकते. चालून कॅन्सर बरा होत नाही, हे चालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. अमेरिकेत तीन दिवसांत 60 मैल चालायचा उपक्रम आहे, म्हणजे रोजचे बत्तीसेक किलोमीटर; त्यात ठरलेली किमान रक्कम जमवल्याशिवाय चालायलाच मिळत नाही. लंडनमध्ये रात्रभर चालतात. त्याची सुरुवात नीना बॅरो नावाच्या बाईनं केली. 1996 साली ती मैत्रिणींना घेऊन, सजवलेल्या ब्रा घालून न्यूयॉर्कची मॅरेथॉन चालली, आणि त्यानंतर थोड्याच काळात तिला स्वतःलाच हा आजार निघाला. तिकडं हे रुळलंय. आपल्याकडं माणूस चालतो तो जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, आदमापूरला. तू पैसे मागायला गेलीस की पहिला प्रश्न येणार, "नवस हाय व्हय?" त्याला उत्तर हवं. ते माझ्याकडून उसनं घेऊ नकोस, मावशीकडून घे.

माझ्या नणंदेचं तुला कधी सांगितलं नाही. करवीर तालुक्यातच दिलेली. गाठ लागली तेव्हा घरात लग्न होतं, म्हणून गप्प बसली. दुखत नव्हती, म्हणून पुढंही गप्प. अशी गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि म्हणूनच बायका फसतात. शेवटी ऑपरेशन झालं, केमो झाली, मग शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. शेक म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, असे काही आठवडे. निम्म्यावर तिनं यायचं बंद केलं. आम्ही सगळे तिच्यावर चिडलो. भाऊ म्हणाले पैसे देतो, जावा म्हणाल्या डबा देतो, मी म्हटलं माझ्याकडं राहा. ती मान हलवायची आणि घरी जायची. गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी तिची शेजारीण बोलून गेली की म्हशीची धार कोण काढणार, एवढीच तिला काळजी होती. दोन म्हशी होत्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या, आणि डेअरीच्या दुधावर तिचं घर चालायचं. आमच्यात धार काढणारी माणसं होती गं. दोन्ही वेळेला जाऊन बसली असती, आठवड्यात म्हशींना सवय झाली असती. तिला कुणी विचारलंच नाही.

म्हणून मी हट्टानं सांगते, आणि लोकांना त्याचा कंटाळा आला तरी सांगत राहणार. आधी तिला विचार. पाऊल नंतर टाक.

विचारलंस की कळेल, पैसा कुठं अडतो ते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, केमो होते. एस.टी.ला बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. तरी चंदगड, आजरा, गगनबावड्याची बाई मध्येच उपचार सोडते. तिच्याबरोबर येणाऱ्याचा रोज बुडतो, रात्री टेकायला जागा नसते, घरी म्हातारं माणूस असतं. योजनेच्या कागदावर हे कुठं येणार? हे तुझ्या निधीतून यायला पाहिजे. निधी स्वतःच्या खात्यावर घेऊ नकोस. नोंदणी असलेली संस्था गाठ, तिच्या नावानं पावती फाड. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल त्याच्याकडून 2,000 रुपयांच्या वर रोख घेऊ नकोस, चेक किंवा ऑनलाइन घे. आणि कुठल्या बाईच्या कुठल्या खर्चाला किती गेले ते लिहून ठेव, तिचं नाव बाहेर न फोडता.

टी-शर्टचं विचारलंस म्हणून सांगते. एका वर्षी एका बड्या दुकानदारानं आमच्या अशाच चालण्याच्या सगळ्या खर्चाची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की छातीवर आणि पाठीवर त्याचं नाव, आणि दसरा चौकात फुगे सोडायचे. मी नाही म्हटलं. आमच्यातल्या निम्म्या बायका त्यावरून तुटल्या, काही अजून बोलत नाहीत. मला आडमुठी म्हणाल्या. म्हणोत. तेव्हा केमोतली एक बाई आमच्याबरोबर शिवाजी पुलापर्यंत यायची, डोक्याला स्कार्फ बांधून. फुग्यांचं कळल्यावर म्हणाली, "माझी जत्रा करू नका." तिनं सांगितलं, विषय संपला. पैसे कमी जमले हे खरं आहे. पण आजही तो दुकानदार दारात आला तरी माझं उत्तर तेच असेल.

आता चालण्याचं. तू रंकाळ्याला फेऱ्या मारतेस तेवढ्यावर पंढरपूर होत नाही. दर रविवारी जोतिबा कर, शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, मग चढ. ते अंगवळणी पडलं की त्याच दिवशी पायीच परत ये. मग लागोपाठ दोन दिवस चाल, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकताना असते. बूट अर्धा नंबर मोठे घे, दुपारनंतर पाऊल सुजतं. नवे बूट घालून निघायचं नाही आणि कोल्हापुरी चप्पल तर नाहीच, ती घरी ठेव. नखं कापलेली, बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन, जादा मोजे पिशवीत. ऑक्टोबरात निघायचा विचार दिसतोय, जगभर तो महिना या आजाराच्या जागृतीचा म्हणून. पण आपल्याकडं तेव्हा ऊन भाजून काढतं, आणि पुढं गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. कित्येकींना मागं लाल दिवासुद्धा नसतो. अंधारात उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल अशी चाल, चमकणारं जाकीट घालून. आणि बायकांना लघवीला कुठं थांबता येईल ते आधी फिरून बघ. लाजून कमी पाणी पिऊन चालणाऱ्या मी पाहिल्यात, दुपारी आडव्या होतात.

मुक्कामाच्या गावात भाषण नको. आशाताईला गाठ, चार बायका गोळा कर. टाटा हॉस्पिटलनं मुंबईत दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं, तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. हे 2021 साली छापून आलं. एवढं सांग, आणि तीस वर्षांपुढच्या बायकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते हेही सांग. मग त्यांना बोलू दे. तिथंही आधी विचारायचंच.

परवा मावशीची केमो आहे म्हणतेस. तिच्याबरोबर जा. मोबाइल पिशवीत टाक आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बस. शेजारणीला विचार, कुठल्या गावच्या, किती वाजता निघाला, रात्री कुठं टेकणार, घरी कोण बघतंय. वहीत लिहून ती वही मला आणून दाखव, मग मार्ग ठरवू. पंढरपूरच धरून बसू नकोस. चंदगडहून नेसरी, गडहिंग्लज करत कोल्हापूरला का चालत येऊ नये? ज्या रस्त्यानं त्या बायका उपचाराला येतात, तोच रस्ता. मावशीला हेही विचार.

तुझी,
काकू