नोंगरियाटची वाट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे पन्नाशीच्या आसपासचे. मेघालयात सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळच्या नोंगरियाट या खासी आदिवासींच्या गावी, जिवंत मुळांचा दुमजली पूल बघायला, डिसेंबरात जायचं आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत वर येता येईल का? तयारी किती लागेल?

येता येईल, पण घड्याळ काटेकोर पाळावं लागेल. तिकडे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत अंधार त्याहीआधी उतरतो. तिर्ना गावातून सकाळी सातला पहिली पायरी उतरा आणि दुपारी एकनंतर खाली रेंगाळू नका. रस्ता तिर्नालाच संपतो. तिथून नोंगरियाट सुमारे तीन किलोमीटरवर, साधारण साडेतीन हजार पायऱ्यांपलीकडे आहे. उतरायला दीड ते दोन तास लागतात आणि चढायला दोन ते तीन. पुढच्या रेनबो धबधब्यासाठी जाताना आणि येताना प्रत्येकी एक ते दीड तास धरा. तो पाहायचाच असेल, तर एक मुक्काम गावात करा. एका दिवसात दोन्ही उरकायला जाणारे शेवटच्या हजार पायऱ्या विजेरीच्या उजेडात चढतात.

आता तयारीबद्दल. एका मजल्याच्या वीस पायऱ्या धरल्या तर साडेतीन हजार म्हणजे १७५ मजले, तेही एका बाजूचे. बहुतेक जण घरी जिना चढण्याचा सराव करतात आणि खाली येताना लिफ्ट धरतात. नेमकी तिथेच चूक होते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. त्यामुळे खाली पोचल्यावर पाय लटपटतात, आणि खरं दुखणं चोवीस तासांनंतर वर येऊन दोन-तीन दिवस टिकतं. म्हणून सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, जिना चढा आणि चालतच उतरा. पहिल्या आठवड्यात वीस मजले, पाचव्यात पाठीवर पाच किलो घेऊन सत्तर-ऐंशी. सहाव्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. नोंगरियाटच्या दुसऱ्या दिवशी आणखी एखाद्या दरीत उतरण्याचा बेत मात्र ठेवू नका.

सामान सोहऱ्याच्या मुक्कामीच ठेवून खाली न्यायची पिशवी पाच किलोंच्या आत बसवा. माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची एक-एक लिटरची दोन पाकिटं घ्या. पाकीट एक लिटरमध्येच विरघळवा. अर्ध्या बाटलीत घातलेलं घट्ट पाणी उलट मळमळ आणतं. पायाची नखं आदल्या रात्री कापा आणि बुटाची नाडी घोट्याजवळ आवळून बांधा. नाहीतर प्रत्येक पायरीला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो आणि नख काळं पडतं.

प्रश्न : जुलैत गेलो तर? धबधबे तेव्हाच भरलेले असतात ना?

असतात. पण सोहरा म्हणजे चेरापुंजी, हे विसरू नका. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावरचा पाऊस ओढ्याला अचानक फुगवतो, म्हणून ओढ्याच्या डोहात उतरला असाल तर पाणी गढूळ होऊ लागलं की लगेच बाहेर या. पायऱ्या सिमेंटच्या आहेत. शेवाळ कडेला, जिथे पाय पडत नाहीत तिथे धरतं, म्हणून पाऊल पायरीच्या मधोमध टाका. कडक रबराचे खोल खाचांचे बूट ओल्या सिमेंटवर घसरतात, त्यापेक्षा मऊ तळवा बरा. जळू ओढून काढू नका. तिच्या निमुळत्या टोकाखालून नख सरकवा, मग रुंद टोक सोडवा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते एप्रिलमध्येच जावं, असं आमचं मत.

प्रश्न : शनिवारी पोचून रविवारी गाव बघायचं ठरवलंय. गाव ख्रिस्ती आहे असं ऐकलं. काही अडचण?

गावाला तुमची अडचण नाही, तुमच्या बेताला मात्र रविवारची आहे. खासी भाषेत रविवारचं नावच ‘स्ङी ऊ ब्लेइ’, म्हणजे देवाचा दिवस. आदल्या दिवसाचं नाव ‘साइतजाइन’, म्हणजे कपडे धुण्याचा दिवस. यावरून काय ते समजा. रविवारी शिलाँगहून सोहऱ्याला येणाऱ्या सामायिक सुमो फार कमी असतात, दुकानं बंद असतात, वाटेवरच्या टपऱ्याही मिटलेल्या सापडू शकतात. रविवारी परतायचं असेल तर तिर्नाहून परतीची गाडी शनिवारीच ठरवून ठेवा, आणि पाणी-खाणं सोबत असू द्या.

प्रार्थनेला बसायची इच्छा असेल तर आदल्या संध्याकाळी घरमालकिणीला विचारा. वयानं मोठ्या बाईला ‘काँग’ आणि पुरुषाला ‘बाह’ म्हणतात. ‘खुब्लेइ’ हा एकच शब्द नमस्काराला, निरोपाला आणि आभाराला चालतो. पूर्ण पायघोळ पँट आणि खांदे झाकणारे कपडे घाला, प्रार्थना सुरू होण्याआधी मागच्या बाकावर बसा, प्रार्थना चालू असताना फोटो नको. गाणी लांबतात, मध्येच उठून जाणं वाईट दिसतं. मुलांना चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर चर्चच्या दानपात्रात टाका.

पाहुण्याला क्वाय, म्हणजे चुना लावलेल्या पानासोबत ओली सुपारी, देतात. सवय नसलेल्याला ती घाम फोडते आणि चक्कर आणते. मान ठेवून घ्या, पण चढायच्या आधी खाऊ नका.

प्रश्न : ख्रिस्ती झाल्यावर हे लोक आदिवासी कसे राहिले?

धर्म बदलल्यानं खासींचा अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही, हे एक. दुसरं म्हणजे कुळाची चौकट तशीच आहे. आडनाव आईकडून येतं, वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे, ‘का खातदुह’कडे, जातं आणि एकाच कुळात लग्न निषिद्ध मानतात. जुन्या धर्मात कुळाचे विधी सांभाळण्याची जबाबदारी याच मुलीकडे असे. ख्रिस्ती घरांत विधी गेले, घर तिच्याकडेच राहिलं. शिवाय सगळेच ख्रिस्ती नाहीत. २०११च्या जनगणनेत मेघालयात ख्रिस्ती सुमारे ७५ टक्के होते, आणि जुना धर्म जपण्यासाठी १८९९मध्ये स्थापन झालेली सेंग खासी ही संस्था आजही काम करते.

वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१मध्ये सोहऱ्याला आले आणि त्यांनी खासी रोमन लिपीत बसवली, तीही वेल्श वळणानं. म्हणून खासी वर्णमालेत ‘ए, बी’नंतर ‘के’ येतो. पाटीवर ‘टी-वाय-आर-एन-ए’ दिसलं तर त्यातला ‘वाय’ आखूड, अस्फुट स्वर आहे. ‘टायर्ना’ म्हणून विचाराल तर समोरचा गोंधळेल.

प्रश्न : दुमजली मूळपुलावर एका वेळी किती जणांनी उभं राहावं?

पाटीवर लिहिलं असेल तितक्यांनी. पाटी नसेल तर थोडेच जण जा, आणि गर्दी करून फोटोसाठी थांबू नका. हा पूल रबराच्या वडाच्या जिवंत मुळांचा आहे. हवेत लोंबणारी मुळं पोखरलेल्या सुपारीच्या खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात, ती तिकडे मातीत रुजतात, जाड होतात आणि एकमेकांत जुळतात. वजन पेलायला १५ ते ३० वर्षं लागतात. लोंबणारं कोवळं टोक हीच वाढीची जागा असते. ते धरून झोका घेतला की उद्या होणारा पूल आजच तुटला. काठीचं टोकही मुळांवर रोवू नका, पुलाआधी काठी दुमडा. वाटेवरच्या तारेच्या झुलत्या पुलांवर अंतर ठेवून, एकेकट्यानं आणि एका लयीत न चालता जा. पावलं जुळली की पूल जास्तच हलतो.

गावातला सिमेंट, तांदूळ, गॅस सिलिंडर, सगळं याच पायऱ्यांवरून कपाळपट्टीच्या टोपल्यांतून उतरतं. ओझं घेतलेलं माणूस दिसलं की डोंगराच्या बाजूला सरका आणि त्याला थांबायला लावू नका. वाटेत एकदा लय तुटली की ते ओझं पुन्हा उचलणं फार जड जातं.

प्रश्न : शाकाहारी जेवण, एटीएम?

भात, डाळ, बटाटा, अंडं मिळतं. डुकराचं मांस सर्रास असतं, म्हणून पोचताक्षणी सांगा, भांडी चढल्यावर नको. रोख रक्कम सोहऱ्यातच काढा, सुट्ट्या नोटांसह. खाली एटीएम नाही.