मॅथ्यू पॅरिस वाचायला घेताना

मध्ययुगीन इंग्लंडची इतिवृत्तं वाचायला तेराव्या शतकातला इंग्रज मठवासी इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस याच्यापासून सुरुवात करताय, हे तुम्ही लिहिलेलं वाचून खूप आनंद झाला. फक्त त्याचं मोठं इतिवृत्त 'क्रोनिका मायोरा' पहिल्या पानापासून वाचू नका. साधारण १२३५ पर्यंतचा मजकूर मुख्यतः मॅथ्यूच्याच सेंट अल्बन्स मठातल्या, त्याच्या आधीच्या इतिवृत्तकाराचा, रॉजर ऑफ वेंडोव्हरचा. मॅथ्यूने त्यात भर घातली, फेरफारही केले. त्याचा स्वतःचा आवाज त्यानंतर ऐकू येतो, म्हणून तिथूनच घ्या.

हा माणूस भारी रागीट. पोपची वसुली, राजाचे परदेशी मर्जीतले लोक, मठाच्या हक्कांवर येणारी गदा, या विषयांवर त्याचा शब्द लगेच खरा धरू नका. गंमत म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री त्याला ओळखत होता. १२४७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सोहळ्यात त्याने मॅथ्यूला जवळ बसवून सगळं लिहून ठेवायला सांगितलं. पुढे 'हिस्टोरिया अँग्लोरम' या संक्षिप्त ग्रंथात मॅथ्यूने काही बोचरे उतारे स्वतःच खोडले.

आणि चित्रं चुकवू नका! फ्रान्सच्या नवव्या लुईने १२५५ मध्ये हेन्रीला हत्ती भेट दिला. मॅथ्यूने तो काढला, शेजारी माहूत उभा केला, म्हणजे हत्तीचा आकार कळावा. मला मॅथ्यू तिथे सगळ्यात जवळचा वाटतो.