आमच्याकडे नाही, पण मागवून देता येईल

प्रश्न: मी अंबाजोगाईला महाविद्यालयात मराठी शिकवते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांवर पीएच.डी. चालू आहे. 'विविधज्ञानविस्तारा'तला एक लेख आणि एक जुनं चरित्र हवं आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'आपल्याकडे नाही' एवढंच सांगितलं. दुसऱ्या विद्यापीठातून मागवता येतं असं ऐकलं. तिकडे थेट पत्र पाठवू का?

उत्तर: थेट पाठवू नका. आंतरग्रंथालयीन देवघेव ही दोन ग्रंथालयांमध्ये होते. पुस्तक देणारं ग्रंथालय तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या ग्रंथपालांना ओळखतं. पुस्तक सुखरूप परत येईल याची जबाबदारी तेच घेतात. तेव्हा अर्ज तुमच्याच काउंटरवर द्यायचा. महाविद्यालय अशी देवघेव करणाऱ्या ग्रंथालयांच्या कुठल्या जाळ्यात नसेल, तर ज्या विद्यापीठात तुमची पीएच.डी.ची नोंदणी आहे तिथलं ग्रंथालय गाठा. तिथल्याही तुम्ही हक्काच्या वाचक आहात, हे पुष्कळ संशोधकांच्या लक्षातच येत नाही.

माझी सारी नोकरी विद्यापीठ ग्रंथालयाच्या देवघेव विभागात झाली, म्हणून कळकळीनं सांगते: 'आपल्याकडे नाही' इथे ग्रंथपालाचं काम संपत नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा आहे 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक'. ते पुस्तक आपल्याच कपाटात असलं पाहिजे, असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही. तेव्हा पुन्हा जा आणि 'बाहेरून मागवून द्याल का?' असं स्पष्ट विचारा.

पूर्वी आम्ही कुठल्या ग्रंथालयात काय असेल याचा अंदाज बांधून टंकलिखित पत्रं पाठवायचो आणि पोस्टमनची वाट पाहायचो. आता शोध पुष्कळ सोपा झाला आहे. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची 'इंडकॅट' ही सामायिक तालिका देशातल्या विद्यापीठांचे संग्रह एकत्र दाखवते आणि ती कुणालाही घरबसल्या पाहता येते. दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं १९८८पासून हेच काम करतं. तिथली मागणी मात्र सदस्य ग्रंथालयानंच नोंदवायची असते. पुस्तक कुठे आहे हे तुम्ही आधीच शोधून, त्या ग्रंथालयाचं नाव आणि पुस्तकाचा दाखलांक (ग्रंथालयानं पुस्तकाला दिलेला नोंदणी क्रमांक) चिठ्ठीवर लिहून नेलंत, तर काउंटरवरच्या माणसाचं अर्धं काम झालेलं असतं.

त्या चिठ्ठीबद्दल थोडं विस्तारानं सांगते, कारण बहुतेक मागण्या तिथेच अडतात. धुळ्याकडचे एक शिक्षक आमच्याकडे जुना लेख मागायला आले होते. त्यांनी फक्त '१८१२' असा आकडा लिहिला होता. आम्ही तो तसाच पुढे पाठवला आणि तिकडून उत्तर आलं, 'असा अंक अस्तित्वात नाही.' आकडा शकाचा होता. शक १८१२ म्हणजे इसवी सन १८९०-९१. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ साली सुरू झालं. त्यामुळे इसवी समजून वाचलं, तर मासिक निघण्याच्या अर्धशतक आधीचा अंक मागितल्यासारखं झालं. तुम्ही शक आणि इसवी दोन्ही लिहा. खंड, अंक, महिना, लेखाचं शीर्षक आणि पृष्ठं लिहा. ही माहिती तुम्हाला कुठल्या ग्रंथाच्या कुठल्या तळटिपेत सापडली, तेही लिहा. पृष्ठांक चुकीचा निघाला, तर त्या तळटिपेवरून आम्ही माग काढू शकतो.

लेखासाठी अख्खा बांधीव खंड मागू नका. शंभर-सव्वाशे वर्षांचा कागद घडीवर तुटतो, असे खंड कुणी पोस्टात टाकत नाही, आणि टाकूही नयेत. नेमकी पृष्ठं सांगून स्कॅन मागा, तो बहुधा ईमेलनं मिळतो. चरित्राची प्रत धड असेल तर पुस्तकच पोस्टानं येऊ शकतं. टपालखर्च कुठे ग्रंथालय सोसतं, कुठे वाचकाला भरावा लागतो, ते आधी विचारून घ्या. काही ग्रंथालयं 'वाचनालयातच बसून वाचावं' अशी अट घालतात. ती मान्य करा. चरित्र १९५४नंतरचं असेल तर आणखी एक वाट आहे. त्या वर्षीच्या कायद्यानं प्रकाशकांना पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करावी लागते आणि त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. सगळेच प्रकाशक ते पाळतात असं नाही, पण मुंबईला चौकशी जरूर करा.

एखादा प्रबंध हवा असेल तर आधी 'शोधगंगा' हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह पाहा. तिथे तो मिळाला, तर मागवायची गरजच उरत नाही.

प्रश्न: मी मूळची सांगलीची, सध्या अमेरिकेतल्या ओहायोमध्ये राहते. इथे जुनी मराठी पुस्तकं मिळण्याची काही शक्यता आहे का?

उत्तर: शक्यता चांगलीच आहे. अमेरिकेनं भारताला धान्य दिलं, त्याची किंमत रुपयांत जमा झाली. पीएल-४८० योजनेतल्या त्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. त्यांत मराठी भरपूर होती. शिकागो विद्यापीठाचा मराठी संग्रह तर पाहण्यासारखा आहे.

तुमच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयातही आंतरग्रंथालयीन मागणी नोंदवता येते, त्यासाठी विद्यापीठात असण्याची गरज नाही. शोध 'वर्ल्डकॅट' या जगभरच्या ग्रंथालयांच्या सामायिक तालिकेत घ्या. तिथे मराठी नावं बहुधा रोमन लिपीत असतात आणि त्यांचं स्पेलिंग आपल्या सवयीचं नसतं. 'ज्ञ' आपण डी-एन-वाय असा लिहितो, तिथे तो जे-एन असतो. 'श'ला नुसता एस, एच नाही. 'ज्ञानेश्वर' आपल्या पद्धतीनं टाइप करून काही सापडलं नाही, म्हणजे पुस्तक नाही असं समजू नका. जे-एन आणि एस घालून पुन्हा शोधा.

प्रश्न: बाहेरून आलेलं पुस्तक हरवलं तर काय होतं? आणि वेळ कमी पडतो म्हणून सगळ्या पुस्तकाची झेरॉक्स काढून ठेवली तर चालेल का?

उत्तर: हरवलं तर ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी काउंटरवर सांगा. बहुधा दुसरी प्रत आणून द्यावी लागते किंवा किंमत भरावी लागते. पण पैशापेक्षा मोठं नुकसान हे, की पुढच्या वेळी ते ग्रंथालय तुमच्या ग्रंथालयाला पुस्तक द्यायला कचरतं आणि त्याची झळ दुसऱ्याच कुणा विद्यार्थ्याला बसते.

झेरॉक्सचं म्हणाल तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ती मुदत उलटली असेल तर कायद्याची आडकाठी नाही, फक्त पुस्तकाची शिवण सैल असेल तर ते यंत्रावर दाबून उघडू नका. हक्क शिल्लक असेल तर स्वतःच्या अभ्यासापुरती हवी ती पानं काढा, अख्खं पुस्तक नको. वेळच कमी पडत असेल तर मुदतवाढ मागा. मात्र ती मूळ ग्रंथालयाकडून यावी लागते, म्हणून परतीच्या तारखेच्या आठवडाभर आधी सांगा.